बोलत नाही म्हणून

आमच्या घरात सध्या दोन जीव पायांनी अधू आहेत. एक माझी आई. वय 78, दोन्ही गुडघे गेलेले. दुसरा कापश्या, पांढरा पाळीव ससा, वय साडेसहा, मागचा उजवा पाय मोडून वाकडा जुळलेला. रोज सकाळी मी कापश्याच्या खोक्यापाशी उकिडवा बसतो, तळाचा वर्तमानपत्राचा कागद ओढून काढतो आणि रात्रभरात त्यानं किती लेंड्या टाकल्या, केवढाल्या टाकल्या, सुट्या की चिकट, हे चष्मा लावून बघतो. मोठ्या, गोल, कोरड्या असल्या की दिवस बरा सुरू होतो. अशाच एका सकाळी पलंगावरून आई म्हणाली, "आजही पोट साफ नाही झालं रे." आणि मी मान वर न करता म्हणालो, "आई, सकाळी सकाळी काय हा विषय?"

कागद माझ्या हातात होता. लेंड्या कागदावर होत्या.

मला हसू आलं नाही. खरं सांगायचं तर रागच आला, आणि तोही आईचा.

माझ्या बाजूनं बोलण्यासारखं काही नाही असं नाही. सशाची आतडी थांबून चालत नाहीत. त्याला उलटी करता येत नाही. पोटातलं सतत पुढं सरकत राहावं लागतं, म्हणून तो दिवसभर गवत चघळतो आणि स्वतःच्याच मऊ लेंड्या पुन्हा खातो, कारण पहिल्या फेरीत न मिळालेलं सत्त्व त्यात असतं. अर्धा दिवस त्यानं तोंड हलवलं नाही की पोटात वायू धरतो. मग दुखतं म्हणून खात नाही आणि खात नाही म्हणून आणखी दुखतं. यात चांगला धडधाकट ससाही एक-दोन दिवसांत जाऊ शकतो. पाय मोडलेल्याला तर निमित्तच पुरतं. तेव्हा लेंड्या बघणं ही हौस नाही, ती त्याची नाडी आहे. आईला इसबगोल आहे. असा माझा युक्तिवाद, आणि तो बरोबर आहे. मग तो मला स्वतःपुढं इतक्यांदा का करावा लागतो?

पाय कसा मोडला ते अजून कळलेलं नाही. उन्हाळा तोंडावर आला होता. संध्याकाळी बँकेतून आलो तर कापश्या कूलरच्या मागं बसलेला, एक पाय बाजूला फरफटत. सशाचा सांगाडा फार हलका असतो. मांजराच्या अंगात वजनाच्या बारा-तेरा टक्के हाडं असली, तर सशाच्या अंगात सात-आठ टक्केच. मागच्या पायांत ताकद मात्र अशी, की घाबरून झटका दिला तर स्वतःच्याच जोरानं नडगी मोडते, कधी कणासुद्धा. म्हणजे कुणी काही न करताही हे होऊ शकतं. पण ते मला मागाहून कळलं. त्या संध्याकाळी मी आधी काय केलं? चौकशी. बायकोला विचारलं, दार कुणी उघडं ठेवलं होतं? कामाला येणाऱ्या ताईंना फोन लावला: पोछा मारताना खोकं हलवलं होतं का? आवाज अगदी शांत ठेवला होता, संध्याकाळी कॅश कमी भरली की कॅशियरशी बोलताना ठेवतो तसा. ताई म्हणाल्या, "नाही जी साहेब, मी तं हातच नाही लावला त्याले." मी "बरं बरं" म्हणालो आणि विश्वास ठेवला नाही. मग पुण्याला शिकणाऱ्या मुलाला कळवलं. ससा खरं म्हणजे त्याचा, सातवीत असताना हट्टानं आणलेला. त्यानं विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

डॉक्टरांकडे मी अजून गेलोच नव्हतो. गुन्हेगार सापडायचा होता ना.

आणि आई? आई त्याच खोलीत दिवसभर असते. तिला मी विचारलंसुद्धा नाही.

आमच्याकडचे पशुवैद्यक गाई-बैलांचे, शेळ्यांचे. त्यांनी हात लावून पाहिलं आणि सरळ सांगितलं की नागपूरला न्या, तिथं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. चंद्रपूरहून नागपूर दीडशे किलोमीटर. तिथं एक्स-रे निघाला, नडगीचे दोन तुकडे दिसले, आणि दोन वाटा समोर ठेवल्या गेल्या. भूल देऊन आत सळई घालायची. वय पाहता भूल सोसेलच याची खात्री देता येत नाही. किंवा पट्टी बांधून लहानशा जागेत कोंडून ठेवायचं, हाड जसं जुळेल तसं जुळू द्यायचं. मी लगेच म्हणालो, "नको सळई, वय झालंय त्याचं, कशाला त्रास?" किती समजूतदार वाक्य! पण डोक्यात त्या वेळी दुसरंच चाललं होतं. तीनशे रुपयांचा ससा आणि शस्त्रक्रियेचा खर्च, हा भागाकार. पैशांची अडचण होती का? नव्हती. उद्या कुणी विचारलं की केवढ्याला पडलं, तर आकडा सांगताना जी लाज वाटली असती, तिची होती. दया आणि काटकसर एकाच वाक्यात इतक्या बेमालूम मावल्या, की बोलताना मलाही शिवण दिसली नाही.

त्या दिवसाच्या रजेसाठी बँकेत मी कारण काय दिलं? "आईला डॉक्टरकडे न्यायचंय."

सशाचा पाय मोडला म्हणून रजा हवी, हे जीभ उचलून बोलवेना. हसतील, असं वाटलं. विशेष म्हणजे, आईला खरोखर हाडांच्या डॉक्टरांकडे न्यायचं त्याआधी बरेच दिवस राहिलं होतं. म्हणजे तिच्या दुखण्याचा उपयोग झाला. इलाज तेवढा व्हायचा होता.

मग उन्हाळा आला. चंद्रपूरचा उन्हाळा ज्यांना ठाऊक आहे त्यांना काही सांगायला नको. पारा 46 वर जातो आणि तिथंच बसतो. पाळीव ससा हा मुळात इकडचा प्राणीच नव्हे. ताडोब्याच्या वाटेवर पहाटे दिव्यांच्या उजेडात उड्या मारत जातो तो काळ्या मानेचा रानससा वेगळा. तो बीळ करत नाही, त्याची पिल्लं डोळे उघडे आणि अंगावर लव घेऊन जन्मतात, आणि या मातीचं ऊन त्याच्या सवयीचं आहे. कापश्याचे पूर्वज युरोपातले, थंड जमिनीत बिळं करून राहणारे. तिशीच्या वर पारा गेला की त्याला धाप लागते. म्हणून कूलरचं तोंड त्याच्या खोक्याकडे, शेजारी गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या, कान ओल्या फडक्यानं पुसणं. आई एकदा म्हणाली, "जरा इकडेही वळव की." मी वळवलं. पण वळवण्याआधी एक निःश्वास टाकला. तो तिनं ऐकला असणार.

सशाची आणखी एक गोष्ट. तो दुखणं लपवतो. ज्याला सगळेच खातात त्याला लंगडणं परवडत नाही, म्हणून तो असह्य होईपर्यंत काही नसल्यासारखा बसून राहतो. 2012 मध्ये संशोधकांनी सशाच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची एक मोजपट्टी तयार केली. डोळे किती मिटले आहेत, गाल किती चपटे झाले आहेत, नाकपुड्यांचा आकार, मिशा कुठं वळल्या आहेत, कान कसे धरले आहेत, या पाच गोष्टींना गुण द्यायचे. मी ती शिकलो. अर्धवट मिटलेला डोळा आणि सुखानं मिटलेला डोळा यातला फरक मला कळू लागला. दात हलके घासले तर तो मजेत आहे, करकरा वाजवले तर दुखतं आहे, हेही कळू लागलं. या अभ्यासाचा मला अभिमान वाटायला लागला होता. पाहुण्यांना मी तो समजावून सांगायचो. असं बारकाईनं मी आईच्या चेहऱ्याकडे शेवटचं कधी पाहिलं? तिला तर पाच खुणांची गरजच नाही. ती तोंडानं सांगते, "दुखतंय." आणि तिथंच माझं लक्ष उडतं.

औषधाचंही तेच. कापश्याचं मेलोक्सिकॅमचं द्रावण बिनसुईच्या सिरिंजमध्ये भरून गालाच्या बाजूनं द्यायचं असतं; त्यासाठी माझ्या फोनवर गजर लावलेला आहे. (मेलोक्सिकॅम हे नाव मला आधीपासून माहीत होतं, ते गिधाडांमुळे. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकनं गिधाडं संपत आली, म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली आणि मेलोक्सिकॅम पुढं आलं. गडचिरोलीत वनखात्यानं गिधाडांसाठी उपाहारगृहं चालवली, तेव्हा त्याच्या बातम्या मी आवडीनं वाचायचो. गुरांची वेदना कमी करणारी गोष्ट आभाळातल्या कुणाचा तरी जीव घेत होती आणि कितीतरी वर्षं ते कुणाच्या लक्षातच आलं नाही.) आईच्या गुडघ्यांना लावायच्या मलमाला मात्र गजर नाही. ते ती स्वतःच चोळते, वाकता येईल तेवढं.

मे महिन्यात ताई सुट्टीवर जातात. माहेर सिंदेवाहीकडे आहे, तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. पहाटे जंगलात शिरायचं, ऊन चढायच्या आत पानं तोडून आणायची, मग घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे. थोड्या दिवसांत जो पैसा हातात येतो तो वर्षभरात दुसरीकडे कुठं येत नाही. मला हे माहीत होतं, तरी 2025 च्या मेमध्ये मी कुरकुरलो. पाय मोडलेला ससा घरात, आई अशी, आणि आत्ताच कसली सुट्टी? त्याच महिन्यात सिंदेवाही तालुक्यातल्या मेंढा-माल गावच्या तीन बायका पानं तोडताना वाघाच्या हल्ल्यात गेल्या. एका दिवसात तिघी. बातमी वाचून माझ्या मनात उमटलेलं पहिलं वाक्य मी इथं लिहायचं ठरवलं आहे, नाहीतर या लिहिण्याला काही अर्थ नाही. ते वाक्य होतं: "कळत असून कशाला जातात आत?" दुसऱ्या क्षणाला ताईंची आठवण झाली. फोन लावला. त्या सुखरूप होत्या. मी विचारलं, "बऱ्या आहात ना?" आणि त्यांचं उत्तर पुरतं संपण्याआधी, "कधी येताय?"

त्याच सुमारास ताडोब्यातला छोटा मटका हा वाघ दुसऱ्या वाघाशी झुंजून जखमी झाला. लंगडत चालणाऱ्या त्या वाघाची चित्रफीत फोनाफोनांतून फिरली. पावसाळ्यात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं आपणहून दखल घेतली, आणि ऑगस्टच्या अखेरीस वनखात्यानं त्याला बेशुद्ध करून चंद्रपूरच्या उपचार केंद्रात आणलं. हे सगळं योग्यच झालं. मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही. मला म्हणायचं आहे ते माझ्या अंगठ्याबद्दल. लंगड्या वाघाची ती चित्रफीत मी जेवढ्या जणांना पाठवता येईल तेवढ्यांना पाठवली, खाली रडका चेहरा चिकटवून. मेंढा-मालची बातमी मी कुणालाच पाठवली नाही. का? वाघ घरात लंगडणाऱ्या कापश्याची आठवण करून देत होता, हे खरं. पण तेवढंच का? त्या बायकांच्या मागं माणसं होती. ती रडत होती, चिडली होती, वाघाचा बंदोबस्त मागत होती. मृताच्या कुटुंबाला सरकार 25 लाख रुपये देतं हे मला पाठ आहे. मग तो आकडा एखाद्या उत्तरासारखा माझ्या तोंडावर का येतो? वाघ काही मागत नव्हता. त्याच्याबद्दल वाईट वाटून घ्यायला मला काही पडत नव्हतं.

इथं मला साहेबराव आठवतो. 2012 मध्ये ताडोब्याच्या परिसरात शिकाऱ्यांनी लावलेल्या लोखंडी सापळ्यात दोन वाघ अडकले. एक जागीच मेला. दुसरा वाचला, पण पुढच्या पायाची बोटं गमावून. तोच साहेबराव. पुढं तो नागपुरात, आधी महाराजबागेत आणि मग गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात राहिला. अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. सुश्रुत बाभुळकर यांनी त्याला दत्तक घेतलं. पाय टेकवताना तो कण्हतो हे त्यांच्या लक्षात आलं. तुटक्या नसेच्या टोकाशी झालेली गाठ त्याला ठणकत होती. त्यावर शस्त्रक्रिया झाली. मग जानेवारी 2020 मध्ये त्याला भूल देऊन कृत्रिम पाय बसवण्यात आला. वाघावर असा प्रयोग जगात पहिलाच, असं तेव्हा सांगितलं गेलं. साहेबराव शुद्धीवर आला आणि त्यानं तो पाय काढून टाकला.

बातमी वाचून मला काय वाटलं होतं ते अजून लख्ख आठवतं. मी वाघावर नाराज झालो होतो! एवढी माणसं झटली, एवढं डोकं लावलं, आणि यानं झटकून टाकलं? प्रयत्न करणाऱ्यांची काही चूक नव्हती. कण्हणं ऐकू येणारा माणूस तिथं होता, हीच मोठी गोष्ट. पण घरी बसून पेपर वाचणाऱ्या मला कसली निराशा झाली होती? मला एक गोड शेवट हवा होता. आणि ज्याच्यासाठी तो शेवट तयार केला त्यानं साफ सांगितलं की नको. म्हणजे साहेबराव बोलला. बोलला म्हणून माझ्या मनातून थोडा उतरला.

हे लिहिताना सापडलं ते मला आवडलेलं नाही. जो बोलत नाही त्याच्याशी मी चांगला वागतो. कापश्या मला म्हणत नाही की काल औषध अर्धा तास उशिरा दिलंस. तो नागपूरच्या भावाशी माझी तुलना करत नाही. शेजारणीला काही सांगत नाही. त्याची सेवा किती झाली हे मीच ठरवतो, झाली असं प्रमाणपत्रही मीच देतो. आई बोलते, आणि बोलते म्हणून तिच्या प्रत्येक वाक्याला मला हो किंवा नाही म्हणावं लागतं. नाही म्हटलं की मी वाईट ठरतो. हो म्हटलं की माझी संध्याकाळ जाते.

की हे फार कडक बोलतो आहे मी स्वतःला? कडक बोलणं ही सुद्धा एक सोय असते; स्वतःला चार शब्द सुनावले की हलकं वाटतं आणि पुन्हा सगळं तसंच. कदाचित कारण साधं असेल. सशाचं दुखणं दोन्ही हातांत मावतं. आईचं मावत नाही. गुडघ्यांच्या मागं तिचं म्हातारपण आहे, त्याच्या मागं आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे मला बघायचं नाही. "पोट साफ झालं नाही" यातून मला ती ऐकू येते, म्हणून मी विषय बदलतो. हेही खरं असेल. दोन्ही एकदम खरं असायला काय हरकत आहे?

हेमलकशाला मी दोनदा गेलो आहे, दोन्ही वेळा हौशी पाहुणा म्हणून. तिथला लोक बिरादरी प्रकल्प 1973 मध्ये सुरू झाला. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे तिथं गेले तेव्हा माडिया माणसं दवाखान्यात यायला तयार नव्हती. या दोघांनी आधी माडिया भाषा शिकून घेतली. अस्वलानं फाडलेले चेहरे शिवले. प्राणी नंतर आले. शिकार करून परतणाऱ्यांकडे मेलेली माकडीण आणि तिला चिकटलेलं पिल्लू दिसलं, ते पिल्लू मागून घेतलं, तिथून ती गोष्ट सुरू झाली. शिकार ही भुकेपोटी होते हे ओळखून आमट्यांनी सांगितलं की पिल्लं मारू नका, इकडे आणा आणि धान्य घेऊन जा. या कहाणीतला बिबट्या आणि माकडं मला तोंडपाठ होती. विलास मनोहरांचं 'नेगल' हे पुस्तक माझ्या कपाटात आहे. पण क्रम माझ्या लक्षात कधी आला नव्हता. आधी माणसांची भाषा, मग माणसांचं दुखणं, मग त्यांची भूक, आणि तिथून पुढं जनावर. मी तिथून परत येताना फक्त शेवटचा भाग उचलून आणला. तो गोंडस होता.

सशाबद्दल ताईंचं मत वेगळंच आहे. हंगामाहून परत आल्यावर त्या कापश्याकडे बघत म्हणाल्या, "माझा आजा सशाले फासे लावे. सशाची भाजी लय मस्त होते म्हणे." मी दचकलेला बघून हसल्या, आणि मग खाली बसून वाकड्या पायावरून बोट फिरवत म्हणाल्या, "लय दुखून राहिलं असन बापा याले." दोन्ही वाक्यं त्यांनी एकाच आवाजात म्हटली. माझ्या मनात त्यांच्याबद्दलचा तो जुना संशय तेव्हाही अर्धामुर्धा शिल्लक होता.

हाड जुळलं, पण वाकडं. मग सगळा भार डाव्या पायावर यायला लागला. पुढं जे झालं ते आईनं सगळ्यांत आधी पाहिलं. ती म्हणाली, "डावा पाय सारखा उचलून चाटून राहिला तो." मी म्हणालो, "तुला सगळीकडे पायच दिसतात." मोजपट्टीत हे बसत नव्हतं, डोळे उघडे होते, कान ठीक होते. दोन-तीन दिवसांनी ती पुन्हा म्हणाली. मग आठवडा झाल्यावर, तिला गप्प करायचं म्हणून मी त्याला उलटं करून पाहिलं. टाचेखालची लव गेली होती आणि कातडी सोलून लाल मांस दिसत होतं. डॉक्टरांनी विचारलं, "केव्हापासून आहे?" मी म्हणालो, "कालच दिसलं."

दिसलं कालच, हे खरं होतं. सांगितलेलं आठवडाभर आधीचं होतं.

घरात एक माणूस दिवसभर त्या जनावरासमोर बसून होतं. त्यालाही पायांचंच दुखणं, त्यामुळे पाय कसा टेकला जातो आणि कसा चुकवला जातो हे त्याला न शिकवता कळत होतं. पण ते माणूस तक्रारखोर म्हणून मी केव्हाच बाजूला काढून ठेवलं होतं. मुक्याच्या वतीनं बोलणारं कुणी असेल तर त्याचं बोलणं आपण नेमकं असंच ऐकतो का? जंगलाकाठचा माणूस आम्हाला सांगत असतो, हा वाघ गावाकडे यायला लागलाय, याची चाल बदललीय. आम्ही म्हणतो, यांना वाघ नकोच आहे. मी म्हणतो, असं म्हणायला हवं. बाकीच्यांचं मला काय माहीत?

आता कापश्या उतरणीला लागला आहे. दोन किलोंचा होता, दीडच्याही खाली आला. मागचा भाग ओला राहतो, तो कोमट पाण्यानं धुवावा लागतो. खातो, पण निवडून. कोथिंबिरीची काडी समोर धरली की घेतो, गवताकडे बघत नाही. टाचेची जखम भरते आणि पुन्हा उकलते. मुलगा फोनवर विचारतो तेव्हा मी म्हणतो, "आज बरा आहे." बरा आहे, म्हणजे मी त्याला बरा बघितला.

परवा आईनं विचारलं, "किती दिवस ठेवतोस त्याला असा?"

मला पुन्हा राग आला. लगेच आला. पण या वेळी मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती सशाकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. चादरीची घडी नीट करत होती. ती सशाबद्दलच विचारत होती का? मला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. मी म्हणालो, "डॉक्टरांना विचारतो." ती म्हणाली, "डॉक्टर सांगतील ते सांगतील. तुला काय वाटते?" बऱ्याच दिवसांत मला कुणी हा प्रश्न केला नव्हता. मला वाटत होतं ते असं, की त्यानं एखाद्या रात्री झोपेत जावं म्हणजे मला काही ठरवावं लागणार नाही. मी तिला तसंच सांगितलं. ती "हं" म्हणाली आणि पुढं म्हणाली, "माझ्या बापालाही असंच वाटे, आजीच्या वेळी." मग बराच वेळ आजीबद्दल बोलत राहिली. यातलं काहीच मला माहीत नव्हतं.

शनिवारी नागपूरला जायचं ठरलं आहे. सुई देऊन त्याला शांत करायचं की आणखी थोडं थांबायचं, हा प्रश्न डॉक्टरांना मी विचारणार, आणि त्यांच्या तोंडून उत्तर काढून घेण्याआधी माझं म्हणणं सांगणार. बँकेत रजेच्या अर्जावर या वेळी ससाच लिहिला. साहेबांनी वाचून फक्त विचारलं, "खातो का अजून?"

आई म्हणते, मीही येते. हाडांच्या डॉक्टरांची वेळही त्याच दिवशी दुपारची मिळाली आहे. गाडीत पुढं ती बसणार, मागं खोकं. ती बोलणार हे नक्की. भद्रावतीपर्यंत गुडघे, वरोऱ्यापर्यंत पोट, आणि जामच्या चौकात चहाला थांबलो की नागपूरच्या भावाची सून. सगळं ऐकणार, असं लिहायला घेतलं होतं. पण इतक्या पानांनंतर तेवढी थाप मारवत नाही. वरोऱ्यापर्यंत ऐकेन. पुढचं पुढं बघू.